मुंबई–शिकागो तिकीट: बाबांचं इन्सुलिन, आईची एकादशी आणि विमानातलं जेवण

निळीशाई (प्रश्न)

आई-बाबांना मेच्या मध्याला पुण्याहून शिकागोला आणायचं आहे. परतीचा प्रवास ऑक्टोबरच्या मध्याला, म्हणजे मुक्काम पाच महिन्यांचा. दोघांकडे अमेरिकेचा पर्यटक व्हिसा आहे आणि त्याची बरीच वर्षं शिल्लक आहेत. मुंबईपर्यंत गाडीने येतील.

बाबा ७१ वर्षांचे. रात्री दीर्घकाळ चालणारं इन्सुलिन आणि प्रत्येक जेवणाआधी लवकर काम करणारं, असं दोन प्रकारचं घेतात. आई ६६ वर्षांची, शुद्ध शाकाहारी, अंडंही चालत नाही. एकादशी करते. गुडघ्यांमुळे तिला लांब चालवत नाही.

तीन पर्याय समोर आहेत. अ) मुंबई–आखात–शिकागो, पहिला टप्पा सव्वातीन तासांचा, दुसरा पंधरा तासांच्या आसपास. ब) मुंबई–फ्रँकफर्ट–शिकागो, दोन्ही टप्पे नऊ-साडेनऊ तासांचे. क) मुंबई–फ्रँकफर्ट एका कंपनीचं तिकीट आणि फ्रँकफर्ट–शिकागो दुसऱ्या कंपनीचं वेगळं. क सगळ्यांत स्वस्त, माणशी बारा-पंधरा हजारांचा फरक दिसतोय.

क घ्यावा का? तिकीट आत्ता जानेवारीत काढावं की थांबावं? बाबांना मधुमेहाचं जेवण मागवायचं की शाकाहारी? आणि घरून काय द्यावं?

तिकीटघर

क अजिबात नको. कारण नीट समजून घ्या, कारण शोधताना हा पर्याय वारंवार वर येत राहील.

दोन वेगळी तिकिटं म्हणजे दोन वेगळे करार. पहिलं विमान तीन तास उशिरा पोचलं आणि दुसरं निघून गेलं, तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुमचे आई-बाबा आलेच नाहीत. तिकीट बाद, आणि त्याच तिकिटावर परतीचा टप्पा असेल तर तोही बाद. नवं तिकीट त्या दिवशीच्या भावाने. दुसरी अडचण सामानाची. वेगळ्या तिकिटांवर बॅगा थेट शिकागोपर्यंत जातील याची खात्री नसते. फ्रँकफर्टला बॅगा घेऊन पुन्हा द्यायच्या म्हणजे इमिग्रेशन ओलांडून बाहेर यायचं, आणि त्यासाठी शेंगेन व्हिसा (जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एक व्हिसा) लागतो. तो नसेल तर मुंबईच्या काउंटरवरच अडवतील.

एकाच तिकिटावर फ्रँकफर्टला विमान बदलायचं असेल तर हा प्रश्न येत नाही. वैध अमेरिकी व्हिसा असलेल्या भारतीय पासपोर्टधारकाला तिथल्या आंतरराष्ट्रीय भागातून विमान बदलायला वेगळा ट्रान्झिट व्हिसा लागत नाही. मात्र मार्गात दोन शेंगेन शहरं नकोत. मुंबई–फ्रँकफर्ट–म्युनिक–शिकागो असं तिकीट कधीकधी स्वस्त दिसतं. त्यातला फ्रँकफर्ट–म्युनिक टप्पा शेंगेनच्या आतला, म्हणजे पुन्हा पूर्ण शेंगेन व्हिसा.

आता भाव. मेचा मध्य हा भारतातून अमेरिकेकडे येणाऱ्यांचा ऐन हंगाम आहे. भारतातल्या शाळांना सुट्टी, तिथे पदवीदान समारंभ, आणि नातवंडांकडे निघालेले आजी-आजोबा. दुसरी गर्दी जुलैअखेर ते ऑगस्टचा मध्य, विद्यार्थ्यांची. तारीख एप्रिलच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आणता आली तर फरक पडतो. नसेल जमत तर जानेवारीत भाव बघायला लागा, गूगल फ्लाइट्सवर त्या मार्गाला आणि तारखांना किंमतीची सूचना लावून ठेवा, आणि फेब्रुवारी संपायच्या आत काढून टाका. ऐन हंगामाच्या तिकिटाला शेवटच्या महिन्यात स्वस्त होण्याचं कारणच नसतं, कारण स्वस्त वर्ग तोवर संपलेले असतात.

स्वस्त वर्ग म्हणजे काय ते सांगतो. इकॉनॉमीच्या सगळ्या खुर्च्या सारख्याच दिसल्या तरी विकताना त्या दहा-बारा भाववर्गांत वाटलेल्या असतात आणि प्रत्येकाला एक इंग्रजी अक्षर असतं. खालच्या वर्गात एकच जागा उरली असेल आणि तुम्ही दोन प्रवासी शोधलेत, तर यंत्रणा दोघांनाही वरच्या वर्गाचा भाव दाखवते. म्हणून एकदा एका प्रवाशासाठी आणि एकदा दोघांसाठी शोधून बघा. फरक मोठा असेल तर दोन स्वतंत्र बुकिंग करता येतात, पण वयस्कर जोडप्यासाठी मी तो सल्ला सहसा देत नाही. विमान रद्द झालं की दोन पीएनआर दोन वेगळ्या विमानांवर टाकले जाऊ शकतात. ब्राउझरचा इतिहास पुसल्याने किंवा मंगळवारी रात्री शोधल्याने भाव उतरतो, यात तथ्य नाही. मधल्या वेळात कुणीतरी जागा घेतली वा सोडली म्हणून आकडा हलतो. निघण्याच्या वाराचा परिणाम मात्र खरा असतो. पुष्कळ भाड्यांत आठवड्याचे मधले दिवस आणि शुक्रवार ते रविवार असे दोन दर असतात.

पैसे भरण्याआधी भाड्याच्या अटींत चार गोष्टी वाचा.

पहिली, जास्तीत जास्त मुक्काम. काही स्वस्त परतीची भाडी तीन महिन्यांची असतात, काही सहा, काही बारा. तुम्हाला पाच हवेत, पण बाराचं मिळालं तर तेच घ्या. पर्यटक व्हिसावर उतरल्यावर साधारणपणे सहा महिन्यांपर्यंत राहू देतात, आणि एखादी तपासणी वा घरातलं कार्य निघालं तर तारीख पुढे न्यायला जागा राहते.

दुसरी, तारीखबदल. ‘बदलाचं शुल्क नाही’ याचा अर्थ भाड्यातला फरक नाही असा होत नाही. तो द्यावाच लागतो, आणि बहुतेक वेळा तोच मोठा असतो.

तिसरी, सामान. भारत–अमेरिका मार्गावर पूर्वी सरसकट माणशी २३ किलोच्या दोन बॅगा मिळायच्या. आता सर्वांत स्वस्त भाड्यात एकच, कधी तर एकही नाही. दुसऱ्या बॅगेचे पैसे धरून मगच तुलना करा.

चौथी, रद्द केल्यास काय परत मिळतं. मूळ भाडं परत न मिळणारं असलं तरी न वापरलेल्या प्रवासाचे सरकारी कर आणि विमानतळाचं विकास शुल्क मागून घ्या, सोडू नका.

तुम्ही अमेरिकेत असाल तर कंपनीच्या अमेरिकी संकेतस्थळावरूनच काढा. प्रवासाला सात दिवस वा जास्त असतील तर काढल्यापासून २४ तासांत पूर्ण परताव्याने रद्द करता येतं (काही कंपन्या त्याऐवजी २४ तास भाव राखून ठेवतात). हा तिथल्या वाहतूक खात्याचा नियम आहे, पण तो कंपनीकडून थेट घेतलेल्या तिकिटाला. मधल्या एजंट साइटवर तो धरून चालू नका. तिथे वेळापत्रक बदललं की कंपनी म्हणते एजंटला विचारा, एजंट म्हणतो कंपनीला विचारा.

बुकिंगमध्ये फोन आणि ईमेल तुमचा आणि त्यांचा, दोन्ही घाला. आणि तारीख वाचताना जपून. मुंबईची बरीच उड्डाणं मध्यरात्रीनंतरची असतात. १६ तारखेला पहाटे २:३० चं विमान म्हणजे १५ ला संध्याकाळी पुणं सोडायचं. ही चूक दर वर्षी कितीतरी जणांची होते, आणि त्या दिवशी कुणीच काही करू शकत नाही.

गॅलीखाना

जेवणाचं मी सांगते, कारण ‘बाबांना मधुमेहाचं जेवण’ इथेच बहुतेक जण फसतात.

नियम असा की एका प्रवाशाला एका टप्प्यावर एकच विशेष जेवण. प्रत्येक प्रकारच्या जेवणाला चार इंग्रजी अक्षरांचा कोड असतो, आणि दोन कोड जोडता येत नाहीत. मधुमेहाच्या जेवणाचा कोड डीबीएमएल. त्यात साखर कमी, तंतू जास्त, तळलेलं नाही. पण ते शाकाहारी असेलच असं नाही. उकडलेली कोंबडी किंवा मासा येण्याची शक्यता मोठी. शाकाहारी मधुमेहीने शाकाहारी कोड घ्यावा आणि ट्रेमधलं काय खायचं, काय सोडायचं ते स्वतः ठरवावं. तुम्ही बाबांचं शाकाहारी-मांसाहारी काही लिहिलेलं नाही, म्हणून दोन्ही सांगते.

शाकाहारी कोड चार-पाच आहेत आणि त्यांत फार गोंधळ होतो. एव्हीएमएल म्हणजे आशियाई, आपल्याकडच्या धाटणीचं शाकाहारी: भात, डाळ किंवा छोले, मसाल्याची भाजी, दही. बहुतेक कंपन्यांत अंडं नसतं. व्हीजीएमएल म्हणजे दूधदुभतंही नाही, आणि चव पाश्चात्त्य: वाफवलेल्या भाज्या, टोमॅटोतला पास्ता, फळ. व्हीएलएमएलमध्ये अंडं आणि चीज चालतं, म्हणून आईंसाठी ते टाळा. सकाळच्या खाण्याला हमखास ऑम्लेट येतं. व्हीजेएमएल हे जैन, कांदा-लसूण-कंदमुळं नाहीत. आईंना एव्हीएमएल. बाबा शाकाहारी असतील तर त्यांनाही तेच. मांसाहारी असतील आणि फक्त गोमांस नको असेल तर एचएनएमएल, त्यात कोंबडी, मटण, मासे, अंडी येतात.

एकादशीला कुठलाच कोड नाही. जैन जेवणात धान्य असतं, ते उपासाला उपयोगी नाही. एफपीएमएल म्हणजे निव्वळ फळांचा ट्रे, तो त्या दिवशी चालेल. पण पंधरा-वीस तास फळांवर ढकलण्यापेक्षा तिकिटाची तारीख ठरवताना पंचांग उघडा आणि एकादशी टाळा.

आता काय बिघडतं ते. जेवण निघण्याच्या किमान २४ तास आधी नोंदवावं लागतं, काही कोडना जास्त. प्रत्येक टप्प्याचं जेवण त्या टप्प्याच्या सुरुवातीच्या शहरात बनतं. मुंबईहून निघणाऱ्याचं मुंबईत, फ्रँकफर्ट–शिकागोचं फ्रँकफर्टच्या स्वयंपाकघरात, परतीचं शिकागोत. म्हणून नोंद दर टप्प्यावर स्वतंत्र तपासायची. एका टप्प्यावर आहे म्हणजे दुसऱ्यावर आहेच असं नाही.

नोंद गळून पडण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. कोडशेअर, म्हणजे तिकीट एका कंपनीचं आणि विमान दुसऱ्या कंपनीचं: पहिल्या कंपनीच्या साइटवर टाकलेली मागणी दुसरीकडे पोचतेच असं नाही. ज्यांचं विमान आहे त्यांचा वेगळा सहा अक्षरांचा पीएनआर मागून घ्या आणि त्यांच्या साइटवर जाऊन बघा. दुसरी जागा वेळापत्रकातला बदल. विमानाची वेळ वा क्रमांक बदलला की नवा टप्पा तयार होतो आणि जेवण, खुर्ची, व्हीलचेअर यांतलं काहीतरी जुन्या टप्प्यावरच राहतं. तिसरी, आयत्या वेळी बदललेली खुर्ची. विशेष जेवणाच्या ट्रेवर खुर्चीचा क्रमांक चिकटवलेला असतो. कुणाला जागा बदलून दिली तर ट्रे जुन्या खुर्चीवर जातो. बसल्या बसल्या क्रूला सांगून ठेवायचं: ‘आमचं विशेष जेवण आहे, जागा बदलली आहे.’

चवीबद्दलही थोडं, म्हणजे आई-बाबा नाराज होणार नाहीत. जेवण आदल्या दिवशी किंवा काही तास आधी शिजवून झपाट्याने थंड करतात, ५ अंशांच्या खाली ठेवतात आणि विमानातल्या भट्टीत वीसेक मिनिटं तापवतात. या प्रकारात रस्सा, डाळ, पनीरची भाजी तग धरते. पोळी आणि भात बिघडतात, कारण शिजलेलं पिष्ट थंडीत पुन्हा कडक होतं. पोळी चामड्यासारखी लागते ती त्यामुळे, शिळी असते म्हणून नव्हे. त्यात केबिनमधली हवा कोरडी आणि दाब ६ ते ८ हजार फूट उंचीवर असावा तेवढा. मीठ आणि गोड दोन्ही जिभेला कमी लागतं. मीठ वरून घालण्याची इच्छा होते, बाबांना रक्तदाब असेल तर ते सांभाळा. लिंबाची फोड आणि मिऱ्याची पूड उपयोगी पडते.

औषधवही

मार्ग निवडताना भाड्याइतकंच जेवणांमधलं अंतर बघा, असं माझं आग्रहाचं मत आहे.

पंधरा तासांच्या टप्प्यात मुख्य जेवणं दोनच. पहिलं उड्डाणानंतर एक-दीड तासात, दुसरं उतरण्याच्या दोनेक तास आधी. मध्ये आठ-नऊ तास दिवे बंद. गॅलीत, म्हणजे विमानातल्या स्वयंपाकघरात, सँडविच, केळं, बिस्किटं मिळतात, पण मागायला उठावं लागतं आणि ती सगळी साखर-मैद्याची. नऊ तासांच्या दोन टप्प्यांत प्रत्येक टप्प्याला एक पूर्ण जेवण आणि उतरण्याआधी एक हलकं, शिवाय मध्ये विमानतळावर चालणं आणि खाणं. दोन्ही इन्सुलिन घेणाऱ्या माणसाला ब सोपा. अ घेतलात तर मधली दोन खाणी स्वतःकडची हवीत आणि त्यांच्या वेळा आधी ठरवलेल्या हव्यात.

जेवणाआधीचं इन्सुलिन ट्रे समोर आल्यावरच घ्यायचं. घरी पंधरा-वीस मिनिटं आधी घेत असतील तरी. ट्रॉली दिसली, सुई टोचली, आणि हेलकाव्यांमुळे वाढप थांबलं, तर अर्धा तास काहीच येत नाही. खिशात १५ ग्रॅम साखरेची सोय हवी: तीन चमचे ग्लुकोज पावडरची पुडी किंवा डबीतला अर्धा कप रस. साखर ७० च्या खाली गेली तर १५ ग्रॅम घ्या, १५ मिनिटांनी परत मोजा, अजून कमीच असेल तर पुन्हा १५ ग्रॅम.

रात्रीच्या डोसचं गणित डॉक्टरांकडून कागदावर लिहून आणा. मे महिन्यात शिकागो भारताच्या साडेदहा तास मागे असतं. म्हणजे पश्चिमेला जाताना तो एक दिवस साडेचौतीस तासांचा होतो. बाबांचं घड्याळ उतरेपर्यंत भारताच्याच वेळेवर राहू द्या आणि कागदावरच्या वेळाही भारताच्या लिहून घ्या. परतीला दिवस आखूड होतो, तेव्हाचा डोस वेगळा. तो कागदही आत्ताच करून घ्या.

इन्सुलिन केबिन बॅगेतच. खालच्या डब्यात ते गोठू शकतं, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर नेहमीसारखं दिसलं तरी टाकून द्यायचं. म्हणूनच बर्फाच्या पाकिटाला थेट टेकवू नका. पाण्यात भिजवून वापरायच्या थंड पिशव्या मिळतात, त्या पुरतात. क्रूला फ्रिजमध्ये ठेवायला देऊ नका, उतरताना विसरतं. चालू पेन खोलीच्या तापमानाला बरेच दिवस टिकतं, किती ते त्याच्या माहितीपत्रकात दिलेलं असतं. पेनला सुई लावून ठेवू नका. विमान वर-खाली जाताना दाब बदलतो, काडतुसात हवेचे बुडबुडे शिरतात आणि डोस कमी पडतो. डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत, औषधाचं मूळ नाव लिहिलेली आणि पासपोर्टवरच्याच नावाची असावी. औषधी द्रवाला १०० मिलीची मर्यादा नाही, पण तपासणीच्या वेळी ते वेगळं काढून दाखवावं लागतं.

आणखी एक. केबिनमधला दाब कमी असल्याने पोटातला वायू जमिनीवरच्यापेक्षा पाव ते तिसऱ्या हिश्श्याने फुगतो. आदल्या रात्री मटकीची उसळ, कोबी, राजमा नको. विमानात सोडा किंवा कोला नको. पाणी मागून घ्या, कपाकपाने.

निळीशाई

फार उपयोगी. बाबा शाकाहारीच आहेत, म्हणजे दोघांना एव्हीएमएल. ब कडे कल झालाय. दोन शंका राहिल्या. घरून काय देता येईल जे टिकेलही आणि शिकागोला अडवलंही जाणार नाही? आणि आईला व्हीलचेअर मागितली तर तिचं नाव ‘आजारी’ म्हणून लागतं का?

शिदोरी

दशमी. तिखटमिठाच्या पुऱ्याही चालतात, पण तेलकट. ठेपले चांगले. धपाट्यांत कांदा घालू नका, तो आधी आंबतो.

दोघांना दोन खाण्यांसाठी बारा दशम्या: अडीच वाट्या कणीक, चार चमचे तेल, मीठ, आणि मावेल तेवढं दूध, साधारण एक वाटी. पाण्याचा थेंब नको, टिकण्याचं गमक तेच. बाबांसाठी गूळ न घालता जिरं आणि ओवा. मध्यम आचेवर दोन्ही बाजू कोरड्या होईपर्यंत भाजा. भाजल्यावर एकावर एक रचायच्या नाहीत. सुती कापडावर सुट्या पसरून पूर्ण गार होऊ द्या, मग कागदात गुंडाळून डब्यात. गरम बांधल्या की वाफेचं पाणी सुटतं आणि बाराव्या तासाला वास येतो. सोबत शेंगदाण्याची किंवा लसणाची कोरडी चटणी. ओल्या खोबऱ्याचं काही नको, बटाट्याची भाजी नको, भाताचा कुठलाच प्रकार नको. शिजलेला भात दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहिला की त्यात वाढणारे जंतू पोट बिघडवतात आणि गरम केल्यानेही त्यांचं विष जात नाही. साबुदाण्याची खिचडी तर तीन तासांत चिवट होते.

लोणचं, दही, तूप, ओली चटणी हे सगळं तपासणीत द्रवात धरतात. १०० मिलीपेक्षा मोठी बाटली केबिनमध्ये जाणार नाही. क्रू घरचा डबा गरम करून देत नाही, ते गृहीतच धरा. कपातले तयार पोहे वा उपमा नेले तर गरम पाणी मागता येतं, पण केबिनच्या दाबाला पाणी ९२-९४ अंशांनाच उकळतं आणि कपात येईतो आणखी निवतं. पाकिटावर पाच मिनिटं लिहिली असतील तर आठ-नऊ मिनिटं झाकून ठेवा.

मोठ्या बॅगेतलं आता. मेतकूट, भाजणी, काळा मसाला, राजगिऱ्याचं पीठ हे सगळं चेक-इन बॅगेत. अमेरिकेला जाणाऱ्या विमानात केबिनमध्ये ३५० मिलीपेक्षा जास्त पूड असेल तर ती वेगळी तपासतात आणि समाधान झालं नाही तर काढून घेतात. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मात्र चेक-इनमध्येही नकोत. तेलामुळे ते आपोआप तापून पेट घेऊ शकणाऱ्या मालात मोडतं, आणि भारतातल्या विमानतळांवर बॅग उघडून काढायला लावतात.

शिकागोला आंबे, ताजा कढीपत्ता, कुठलीही ताजी फळं-भाज्या, बियाणं आणि मांसाचा कुठलाही प्रकार न्यायचा नाही. बाकी खाद्यपदार्थ विचारले की ‘हो, आहे’ म्हणायचं. जाहीर केलेली वस्तू चालत नसेल तर ती फक्त टाकून देतात, दंड नाही. लपवलेली सापडली तर पहिल्याच वेळी ३०० डॉलरपासून दंड. विमानात मिळालेलं सफरचंद किंवा केळं पर्समध्ये टाकून उतरणं हाही त्यातलाच प्रकार. ते विमानातच खा किंवा ठेवून द्या.

तिकीटघर

व्हीलचेअरचं. नाव आजारी म्हणून लागत नाही. तीन कोड आहेत. डब्ल्यूसीएचआर म्हणजे जिना चढता येतो, फक्त लांब चालवत नाही. डब्ल्यूसीएचएस म्हणजे जिना जमत नाही. डब्ल्यूसीएचसी म्हणजे खुर्चीपर्यंत न्यावं लागतं. आईंना जिना अवघड जात असेल तर दुसरा घ्या, कारण काही वेळा विमान दूर उभं असतं आणि बसमधून उतरून शिडी चढावी लागते. निघण्याच्या ४८ तास आधी नोंद करा, आणि फ्रँकफर्टचा थांबा अडीच ते साडेतीन तासांचा निवडा. दीड तासाचा थांबा तिकिटावर कायदेशीर दिसला तरी व्हीलचेअर येईपर्यंतच अर्धा तास जातो.

ब निवडताना शिकागोलाच उतरणारं घ्या. न्यूयॉर्क वा नेवार्कला उतरून पुढे देशांतर्गत विमान असेल तर पहिल्या अमेरिकी विमानतळावर इमिग्रेशन, बॅगा पट्ट्यावरून उचलणं, कस्टम्स, पुन्हा बॅगा देणं, पुन्हा सुरक्षा तपासणी, हे सगळं करावं लागतं. शिवाय अमेरिकेतल्या देशांतर्गत इकॉनॉमीत पूर्ण जेवण सहसा नसतंच.

आखाताकडे पुन्हा कल झालाच तर अबू धाबी वेगळं आहे हे लक्षात असू द्या. तिथे २०१४ पासून अमेरिकेचं इमिग्रेशन आणि कस्टम्स चढण्याआधीच होतं. शिकागोला उतरून थेट बाहेर. म्हातारा माणूस पंधरा तासांनी थकून उतरतो तेव्हा रांगेत उभं राहायला लागत नाही, हा खरा फायदा आहे. पण मग खाद्यपदार्थही अबू धाबीतच जाहीर करायचे आणि थांबा तीन तासांहून कमी नको.

जेवणाची नोंद तपासायची रीत सांगून ठेवतो. फोनवर ‘हो, आहे’ एवढ्यावर थांबू नका. एजंटला विचारा, मागणीची स्थिती काय दिसते. एचके किंवा केके असेल तर पक्की. एनएन किंवा एचएन म्हणजे मागणी गेली आहे, उत्तर आलेलं नाही. यूएन किंवा यूसी म्हणजे नाकारली. प्रत्येक प्रवासी, प्रत्येक टप्पा, म्हणजे तुमच्या बाबतीत जाताना चार नोंदी आणि येताना चार. तिकीट काढल्यावर एकदा, वेळ बदलल्याची ईमेल आली की दर वेळी, आणि निघण्याच्या ७२ तास आधी एकदा.

निळीशाई

शिकागोला थेट उतरणारं, फ्रँकफर्टला तीन तास दहा मिनिटं थांबा असलेलं एक मिळालंय. मुक्कामाची मर्यादा बारा महिने, माणशी एक बॅग, दुसरीचे पैसे वेगळे. एकादशीही टळते. दोन्ही टप्पे त्याच कंपनीच्या विमानांचे आहेत ना एवढं बघून आज रात्री काढते. २४ तास हातात आहेत, तेवढ्यात बाबांच्या डॉक्टरांना वेळा दाखवून घेते.

औषधवही

डॉक्टरांना दोन्ही दिशांच्या वेळा दाखवा, आणि परतीचा कागद बाबांच्या नव्हे, तुमच्या फाइलमध्ये ठेवा. ऑक्टोबरपर्यंत त्यांच्याकडचा सापडणार नाही. पाच महिन्यांचं इन्सुलिन बरोबर आणणार असाल तर बिल आणि चिठ्ठी त्याच पिशवीत ठेवा, आणि निम्मं आईच्या केबिन बॅगेत.